प्रवाहाचा जमाखर्च

पावसाळ्यांत पुलाच्या कठड्याशीं घटकाभर उभें राहिलें म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस पडते. गढूळ पाणी खांबावर येऊन आदळतें, दुभंगतें, दोन्ही अंगांनीं वेगानें पुढें सरतें आणि खांबाच्या मागें जेथें तें पुन्हां एक व्हावें अशी अपेक्षा असते, तेथें भोंवरे उठतात. एक डावीकडून सुटतो, एक उजवीकडून, पुन्हां डावीकडून. हें दृश्य मनुष्य हजारों वर्षें पाहत आला. लिओनार्दो दा व्हिंचीनें पांचशें वर्षांपूर्वीं त्याचीं चित्रेंहि काढून ठेविलीं. परंतु एखादा गोल, चौकोनी किंवा वेडावांकडा अडथळा पुढें आला असतां पाणी किंवा हवा नेमकी कशी वागेल, आणि तो अडथळा तापलेला असेल तर त्याची उष्णता किती व कोठून वाहून नेईल, हें हिशेब करून आधीं सांगावयाचें, तर त्यासाठीं विसावें शतक उजाडावें लागलें.

समीकरणांची उणीव होती असें नाहीं. १८२२ सालीं फ्रेंच इंजिनियर नाव्हिए यानें चिकट द्रवाच्या गतीचीं समीकरणें मांडलीं, आणि त्याच वर्षीं त्याचा देशबंधु फूरिये याचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४५ सालीं केंब्रिजच्या स्टोक्सनें नाव्हिएचीं समीकरणें अधिक पक्क्या पायावर उभीं केलीं. एका पोस्टकार्डावर मावतील इतकीं तीं आटोपशीर आहेत. त्यांचा आशयहि गूढ नाहीं : द्रवाच्या कोणत्याहि लहानशा भागाची गति बदलते ती त्याच्यावरील दाबामुळें, शेजारच्या थरांच्या घर्षणामुळें आणि वजनामुळें, व आंत जितका द्रव आला तितकाच बाहेर गेला पाहिजे. अडचण आहे ती एकाच पदांत. वाहणारा द्रव उष्णता वाहून नेतो, रंग वाहून नेतो, तशी स्वतःची गतिहि वाहून नेतो. ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा, तीच समीकरणांत स्वतःला गुणून बसलेली असते. अशा समीकरणाचें नेमकें उत्तर अगदीं साध्या प्रसंगींच मिळतें : सरळ नळींतून संथ वाहणारें पाणी, दोन समांतर फळ्यांमधला द्रव. अतिशय मंद सरकणाऱ्या गोळ्याचें उत्तर स्टोक्सनें १८५१ सालीं अदमासानें काढलें. पण निसर्गांत आणि कारखान्यांत ज्या वस्तु भेटतात, त्या ना समांतर फळ्या असतात, ना मंद गोळे.

चिकटपणा शून्य मानला तर गणित सोपें होतें, परंतु उत्तर हास्यास्पद येतें : वाऱ्याचा खांबावर मुळींच जोर नाहीं! दालांबेर या फ्रेंच गणित्यानें १७५२ सालींच ही विसंगति जगापुढें ठेविली होती. तिचा उलगडा १९०४ सालीं हायडेलबर्ग येथील गणितपरिषदेंत जर्मन प्राध्यापक प्रांट्ल यानें केला. चिकटपणा कितीहि थोडा असो, वस्तूच्या अंगालगतच्या पातळ थरांत त्याचेंच राज्य असतें; तो थर अंग सोडून निघाला कीं मागें भोंवरे आलेच. थर अंगाला धरून असे तोंवर त्याचें गणित हातीं आलें. तो सुटल्यावर पुढें काय, हें कोडें मात्र तसेंच राहिलें.

येथें एक निराळ्याच घडणीचा मनुष्य पुढें येतो. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्लंडांतील एका क्वेकर कुटुंबांत १८८१ सालीं जन्मला. केंब्रिजहून बाहेर पडल्यावर १९०६ च्या सुमारास तो पीट काढणाऱ्या एका कंपनींत रसायनज्ञ म्हणून राहिला. पीट म्हणजे दलदलींत कुजून दबलेल्या वनस्पतींचें इंधन. तें काढण्यापूर्वीं तेथील पाण्याचा चरांवाटें निचरा करावा लागतो. चर कोठें व कसे खणावे? पाणी जमिनींतून कसें झिरपतें याचें समीकरण माहीत होतें. पण जमीन ओबडधोबड आणि चर वेडेवांकडे, त्यामुळें पुस्तकांतलें एकहि उत्तर लागू पडेना. रिचर्डसननें नेमक्या उत्तराचा हट्ट सोडून दिला आणि नकाशावर चौकोनांचें जाळें आंखलें. जाळ्याच्या प्रत्येक गांठीवर एक आंकडा असावा, आणि तो शेजारच्या चार गांठींवरील आंकड्यांशीं सुसंगत असावा, एवढीच अट. आरंभीं अंदाजानें कांहींहि आंकडे भरावे. मग एकेका गांठीवर जाऊन शेजाऱ्यांच्या मानानें आंकडा दुरुस्त करावा. सबंध जाळें फिरून झालें कीं पुन्हां पहिल्यापासून. होतां होतां दुरुस्त करण्याजोगें कांहीं उरत नाहीं, तेंच उत्तर. चलनकलनाची जागा बेरीज-वजाबाकीनें घेतली. जें गणित्याला साधत नव्हतें, तें आतां शाळकरी मुलालाहि करतां येऊं लागलें. मात्र तें हजारों वेळां करावें लागे.

ही अतिशयोक्ति नव्हे. दगडी धरणाच्या भिंतींतील ताण या रीतीनें काढून रिचर्डसननें १९१० सालीं रॉयल सोसायटीपुढें जो निबंध ठेविला, त्यांत मजुरीचा दरहि दिला आहे. गणना करणाऱ्या मुलांना दर गांठीमागें पैसे मिळत. संख्या तीन अंकी असेल तर पेनीचा सहावा भाग. सर्वांत चलाख मुलांपैकीं एकजण आठवड्याला सरासरी २००० गांठी उरकी, चुकलेल्या वजा जातां. अधिक-उण्याच्या चिन्हांची सरमिसळ हीच त्या मुलांची मुख्य अडचण, असेंहि तो नमूद करतो. शास्त्रीय निबंधांत मजुरांची अशी दखल क्वचितच घेतली जाते. पुढील चाळीस वर्षें ह्या शास्त्राला जी मर्यादा पडली ती बुद्धीची नसून ह्याच मजुरीची होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती नोंद त्या निबंधांतील समीकरणांइतकीच महत्त्वाची वाटते.

हीच रीत रिचर्डसननें पुढें सबंध आकाशाला लावावयाचें ठरविलें. १९१३ सालीं तो स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचा प्रमुख झाला होता. परंतु महायुद्ध पेटलें, आणि शस्त्र हातीं धरणें त्याच्या श्रद्धेला मान्य नव्हतें. १९१६ सालीं नोकरी सोडून तो फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या क्वेकर पथकांत मोटारचालक म्हणून दाखल झाला. फेऱ्यांमधून सवड मिळे तेव्हां मुक्कामाच्या थंडगार जागेंत गवताच्या ढिगावर बसून त्यानें २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदींवरून मध्य युरोपांतील हवेचा सहा तासांचा अंदाज हातानें काढला. चौकोन सुमारें २०० किलोमीटरांचे होते. गणिताला सहा आठवडे लागले. १९१७ च्या एप्रिलांत शांपाञच्या लढाईच्या धांदलींत हस्तलिखित हरवलें आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें.

उत्तर काय आलें? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल! महाबळेश्वराहून समुद्रकांठीं उतरलें असतां जेवढा दाब वाढतो, जवळजवळ तेवढी ही वाढ. आणि प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जागचा फारसा हालला नव्हता. दुसरा कोणी असता तर त्यानें ते कागद पेटींत बंद करून टाकले असते. रिचर्डसननें १९२२ सालीं पुस्तक छापून त्यांत ही फजिती आकड्यांनिशीं मांडली, आणि सुरुवातीच्या वाऱ्यांच्या नोंदी सदोष असाव्या असें कारण सुचविलें. तें बरोबर होतें. पुढें आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनीं त्याच नोंदींतील विसंगति गाळून तेंच गणित पुन्हां केलें, तेव्हां दाबाचा बदल अगदीं अल्प निघाला. रीत खरी होती. तिला दिलेला शिधा किडका होता.

त्याच पुस्तकांत एक कल्पनाचित्र आहे. नाट्यगृहासारखी प्रचंड गोल इमारत, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला, आणि आपापल्या मुलखाचें गणित करीत बसलेले ६४,००० गणक. मधोमध उंच चौथऱ्यावर उभा असलेला प्रमुख, जे फार पुढें धांवतात त्यांच्यावर गुलाबी प्रकाशाचा झोत टाकतो व मागें रेंगाळणाऱ्यांवर निळा. हवा जितक्या वेगानें बदलते तितक्याच वेगानें तिचा हिशेब करावयाचा तर इतकीं माणसें लागतील, असा त्याचा हिशेब. युद्धानंतर तो हवामान खात्यांत परत आला होता. पण १९२० सालीं तें खातें विमानदलाच्या मंत्रालयाकडे गेलें तेव्हां त्यानें दुसऱ्यांदा राजीनामा दिला. उत्तर आयुष्य त्यानें युद्धें कां होतात याचें गणित मांडण्यांत घालविलें.

इकडे ग्यॉटिंगेनमध्यें कूरान्ट, फ्रीड्रिख्स व लेव्ही या तिघांनीं १९२८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. गणकांसाठीं तो मुळींच लिहिलेला नव्हता. समीकरणांना उत्तर असतें हें सिद्ध करण्याचें एक साधन म्हणून त्यांनीं जाळें वापरलें होतें. पण वाटेंत त्यांना एक नियम सांपडला. एका गांठीवरची बातमी शेजारच्या गांठीला पोंचण्यास निसर्गांत जेवढा वेळ लागतो, त्याहून मोठें पाऊल हिशेबानें टाकूं नये. टाकलें तर चूक दर पावलागणिक वाढत जाते आणि थोड्याच वेळांत आंकडे आकाशाला भिडतात. रिचर्डसनच्या जाळ्यांत वातावरणांतील शीघ्रगति लाटा एक चौकोन अकरा-बारा मिनिटांत ओलांडतात. त्याचा हिशेब तासांच्या उड्या मारणारा होता. पहिल्याच उडीला तो थांबला म्हणून, नाहींतर हें दुसरें संकटहि त्याच्यावर कोसळलें असतें. १९३३ नंतरच्या कांहीं वर्षांत त्या तिघांनींहि जर्मनी सोडली, आणि त्यांचा नियम त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला.

पुलाच्या खांबाकडे पुन्हां वळावयाचें तर ग्लासगोला जावें लागतें. तेथील विद्यापीठांतला इंजिनियर अलेक्झांडर थॉम यानें १९३३ सालीं गोल दांड्याभोंवतींच्या चिकट प्रवाहाचें गणित प्रसिद्ध केलें. प्रवाहाचा स्वभाव एका संख्येवर अवलंबून असतो हें मॅंचेस्टरच्या रेनॉल्ड्सनें १८८३ सालीं दाखविलें होतें. वेग, आकार व घनता यांचा जोर एका पारड्यांत आणि चिकटपणा दुसऱ्यांत; त्यांचें गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्सचा अंक. तो लहान असेल तर द्रव मधासारखा वागतो. सुमारें पन्नासाच्या पुढें गेला कीं खांबामागून आळीपाळीनें भोंवरे सुटूं लागतात. नदीच्या पुलापाशीं तर तो लाखांच्या घरांत जातो. थॉमनें १० आणि २० हे अंक घेतले. खांबाच्या अंगाला चिकटून असलेला द्रव मुळींच हालत नाहीं, ही गोष्ट जाळ्यांत कशी लिहावी, हा खरा पेंच होता. त्यासाठीं त्यानें बसविलेला साधा नियम आजहि विद्यार्थ्यांना त्याच्या नांवानें शिकवितात. हाच थॉम पुढें ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि फावल्या वेळीं ब्रिटनमधील प्रागैतिहासिक शिलावर्तुळें मोजीत हिंडला. त्याची कीर्ति आज त्या दगडांमुळेंच अधिक आहे.

१० वरून ४० वर जावयास वीस वर्षें लागलीं. जपानच्या कावागुची यानें १९५३ सालीं ४० या अंकाचें उत्तर छापलें. खांबामागें जुळ्या भोंवऱ्यांची जोडी स्थिर उभी असलेली त्यांत दिसते. टेबलावरील यांत्रिक गणकावर आठवड्याला वीस तास याप्रमाणें दीड वर्ष तो हें काम करीत होता. म्हणजे सुमारें १५०० तासांची मेहनत, आणि हातीं आलें एका दांड्याचें, एका वेगाचें, एक चित्र! माणसाच्या हातानें ह्या वाटेवर जेवढें जातां येतें त्याची ही जवळजवळ सीमाच म्हणावी लागेल.

तोंवर गणक हा शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला होता. अमेरिकन सैन्यासाठीं, तोफांच्या माऱ्याचे तक्ते करावयास म्हणून, एनिॲक हें इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधलें गेलें व १९४६ सालीं तें लोकांपुढें आलें. १९५० च्या वसंतांत चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांच्या मंडळीनें त्याच यंत्रावर हवेचा चोवीस तासांचा अंदाज काढला. त्यालाहि जवळजवळ चोवीस तासच लागले. हवेच्या पावलाशीं हिशेबाचें पाऊल प्रथमच जुळलें. रिचर्डसनच्या हयातींत हें घडलें, एवढें तरी समाधान. तो १९५३ सालीं वारला. पण ज्यानें सैन्याशीं संबंध नको म्हणून दोन नोकऱ्या सोडल्या, त्याचें स्वप्न तोफखान्याच्या यंत्रावर साकार झालें, आणि पुढची वाट तर अणुबाँबच्या गांवांतूनच गेली.

तें गांव म्हणजे न्यू मेक्सिकोंतील लॉस अलामॉस. तेथील फ्रान्सिस हार्लो यांच्या लहानशा गटानें पन्नाशी-साठींत प्रवाहगणिताच्या कितीतरी नव्या युक्त्या काढल्या. १९६३ सालीं फ्रॉम आणि हार्लो यांनीं अडथळ्यामागें सुटणारी भोंवऱ्यांची रांग यंत्राकडून उभी करविली, आणि पुढच्याच वर्षीं त्या रांगेंतून तापलेल्या अडथळ्याची उष्णता कशी वाहून जाते याचेंहि गणित दिलें. पाण्याच्या थेंबाशिवाय भोंवरे उठले. परंतु त्या चित्रांकडे नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते : त्यांचा अडथळा काटकोनी आहे. जाळें चौकोनी, म्हणून अडथळाहि चौकोनी! यंत्र कितीहि वेगवान असो, आकाराच्या बाबतींत जाळ्याची हुकमत चालूच होती.

आणि येथेंच ह्या शास्त्राचें खरें दुखणें आहे. विमानाचा पंख, टर्बाइनचें पातें, मोटारीचें इंजिन, माणसाचें हृदय, यांतलें कांहींच चौकोनी नाहीं. चौकोनी जाळ्यांत गोल वस्तु बसविली कीं तिच्या अंगाला पायऱ्या पडतात, आणि प्रत्येक पायरी नसलेला भोंवरा उठविते. उष्णतेच्या हिशेबांत तर हें अधिकच बाधतें. कारण पात्यांतून उष्णता बाहेर पडते ती प्रांट्लच्या त्या पातळ थरांतूनच, आणि थराची जाडी कित्येकदां केसाच्या जाडीशीं तुलना करण्याजोगी असते. आकार चुकला तर थर चुकला, थर चुकला तर उष्णतेचा आंकडा चुकला, आणि पातें वितळतें कीं टिकतें हें ठरतें त्या आंकड्यावर.

ह्यावर जे उपाय निघाले त्यांत पहिला असा कीं, वस्तूला जाळ्यांत कोंबण्याऐवजीं जाळेंच वांकवून वस्तूच्या अंगाला बसवावें, शिंप्यानें कापड अंगावर बेतावें तसें. टॉम्सन, थेम्स व मॅस्टिन यांनीं १९७४ सालीं ह्याची जी रीत दिली तींत एक मौज आहे. जाळ्याच्या वांकड्या रेषा कोठून काढाव्या हें एक समीकरणच ठरवितें, आणि तें समीकरण दलदलींतल्या निचऱ्याच्याच कुळांतलें आहे. दुसरा उपाय, चौकोन टाकून देऊन त्रिकोणांनीं व चार मुखांच्या ठोकळ्यांनीं जागा भरण्याचा. ह्या मार्गानें जेम्सन, बेकर व वेदरिल यांनीं १९८६ सालीं आख्ख्या बोइंग ७४७ विमानाभोंवतींचा प्रवाह मांडून दाखविला, चिकटपणा बाजूला ठेवून कां होईना.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी, आणि तो विमानासाठीं नव्हे, हृदयासाठीं निघाला. चार्ल्स पेस्किन या तरुण अमेरिकन गणित्याला हृदयाच्या झडपांभोंवतीं रक्त कसें वाहतें हें काढावयाचें होतें. झडप ही पुलाच्या खांबासारखी उभी नसते. रक्त तिला हालवितें आणि ती रक्ताला वळविते. दर क्षणीं बदलणाऱ्या अशा आकारावर नवें जाळें किती वेळां बेतावें? पेस्किननें १९७२ सालीं सरळ सांगितलें : जाळें चौकोनीच राहूं द्या, आणि झडपेला वस्तु म्हणून त्यांत बसवूंच नका. झडप म्हणजे रक्तांत तरंगणारे ताणलेले तंतु. तंतु ताणला गेला कीं आसपासच्या गांठींवर जोर देतो, आणि आसपासच्या रक्ताच्या वेगानें स्वतः वाहतो. भिंतीच्या जागीं भिंतीचा जोर ठेवावयाचा, एवढीच कल्पना. ती पुढें मासे, पराग आणि फडफडणारे ध्वज यांपर्यंत पोंचली.

मधल्या काळांत आणखी एक प्रश्न सुटला होता, तो अंतराळयुगाचा. वातावरणांत परत शिरणाऱ्या यानाचें टोंक अणकुचीदार न ठेवतां बोथट ठेवावें, म्हणजे बरीच उष्णता हवेंतच राहते, हें अमेरिकेच्या ॲलननें १९५० नंतर लगेच ओळखलें. पण त्या बोथट टोंकापुढें हवा ध्वनीहून मंद आणि थोडें बाजूला ध्वनीहून वेगवान. दोन प्रदेशांचीं गणितें दोन तऱ्हांचीं, एकांत मांडावीं कशीं? मोरेटी व अबेट यांनीं १९६६ सालीं स्थिर उत्तर शोधण्याचा नादच सोडला. कोणत्याहि अंदाजापासून निघून काळाबरोबर हिशेब पुढें चालविला, आणि प्रवाह आपोआप स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. रिचर्डसनची मुलें गांठीमागून गांठ दुरुस्त करीत बसत, त्याचेंच हें दूरचें नातें.

आतां जी कथा येते तिचें एक टोंक पुण्यांत आहे. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ सालीं पुण्यांत झाला. तेथील इंजिनियरिंग कॉलेजांतून ते १९६२ सालीं पदवीधर झाले, मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९६४ सालीं पुढील पदवी घेतली, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखालीं संशोधन करून १९६७ सालीं डॉक्टर झाले. स्पाल्डिंग यांचें क्षेत्र ज्वलन आणि उष्णता. भट्ट्या आणि इंजिनें हा त्यांचा विषय. भट्टींतल्या हवेचा वेग, दाब, उष्णता हीं सारीं एकमेकांत गुंतलेलीं असतात. वेगाला स्वतःचें समीकरण आहे, उष्णतेला आहे. दाबाला मात्र स्वतंत्र समीकरणच नाहीं. दाब इतकाच असावा कीं आलेलें पाणी आणि गेलेलें पाणी यांचा मेळ बसावा. थोडक्यांत, दाब हा त्या घरचा कारकून : स्वतःची मिळकत नाहीं, पण जमाखर्च जुळविण्याची जबाबदारी त्याची.

पाटणकर व स्पाल्डिंग यांनीं १९७२ सालीं जी रीत प्रसिद्ध केली तिचें इंग्रजी नांव लांबलचक आहे. त्याच्या आद्याक्षरांनीं मात्र सिंपल, म्हणजे सोपी, असा शब्द होतो. प्रथम दाबाचा अंदाज करावा. त्यावरून वेग काढावे. मग प्रत्येक कप्प्यांत आवक-जावक तपासावी. जेथें आवक जास्त तेथें दाब थोडा वाढवावा, जेथें कमी तेथें उतरवावा. त्या मानानें वेग सुधारावे आणि पुन्हां आरंभ. मात्र दाब आणि वेग एकाच गांठीवर मांडले तर एक विलक्षण फसगत होते. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणें दाब एकाआड एक चढता-उतरता झाला, तरी हिशेबाला तो सपाटच भासतो, कारण तो एक घर सोडून पलीकडे पाहत असतो. म्हणून दाब घराच्या मध्यावर आणि वेग घरांच्या सामाईक भिंतींवर मांडण्याची युक्ति, जी हार्लो व वेल्श यांनीं १९६५ सालीं काढली होती, ती येथें कामास आली.

पाटणकर यांचें १९८० सालीं निघालेलें पुस्तक जगभर इंजिनियरांच्या हातीं गेलें, आणि त्याचें कारण त्यांतील गणिताहून त्याच्या भाषेंत शोधावें. पुस्तक जाडजूड नाहीं. प्रत्येक रीत शहाणपणाच्या कसोटीवर घांसलेली आहे. एका कप्प्यांतून बाहेर पडलेली उष्णता शेजारच्या कप्प्यांत शिरलीच पाहिजे, वाटेंत हरवतां कामा नये. शेजारी तापला तर आपण थंड होणें शक्य नाहीं. म्हणून शेजाऱ्याचा वांटा दाखविणारा गुणक कधींहि उणा असूं नये. आणि वारा जोराचा असेल तेव्हां कप्प्याच्या भिंतीवरील उष्णता ठरवावयास वारा जिकडून येतो तिकडे पाहावें. उदबत्ती कोठल्या खोलींत लावली आहे हें ओळखावयास कोणी वाऱ्याच्या पाठीकडे तोंड करून उभा राहत नाहीं. उच्च गणितानें जे हिशेब कोसळत, ते अशा साध्या नियमांनीं उभे राहिले.

अर्थात् ह्या रीतींनीं सारें साधलें असें मानणें भाबडेपणाचें होईल. वेग वाढला कीं भोंवऱ्यांत भोंवरे, त्यांत आणखी लहान भोंवरे असा पसारा होतो, आणि सर्वांत लहान भोंवराहि जाळ्यांत सांपडावयाचा तर गांठींची संख्या रेनॉल्ड्सच्या अंकापेक्षांहि झपाट्यानें वाढते. किम, मॉइन व मोझर यांनीं १९८७ सालीं दोन सपाट भिंतींमधल्या खळबळत्या प्रवाहाचा असा बारीक हिशेब केला, त्यांत सुमारें ४० लक्ष गांठी होत्या. आणि आकार होता तो सर्वांत सोपा. विमान किंवा भट्टी यांच्यासाठीं म्हणून लहान भोंवऱ्यांचा एकत्रित परिणाम अंदाजी सूत्रांनीं धरतात. लाँडर व स्पाल्डिंग यांनीं सत्तरीच्या आरंभीं रूढ केलेलें सूत्र त्यांत प्रसिद्ध आहे. त्यांतील स्थिरांक प्रयोगांवरून बसविलेले आहेत. रंगीत चित्रें पाहून हुरळणाऱ्यानें हें विसरूं नये. चित्र सुंदर असणें हा उत्तर खरें असल्याचा पुरावा नव्हे, आणि वाऱ्याचे बोगदे अजून बंद पडलेले नाहींत.

पुण्याचा संबंध पाटणकरांपाशीं संपत नाहीं. परदेशी महागणकयंत्रें मिळण्यांत अडथळे येऊं लागल्यावर १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हें यंत्र तयार झालें. पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं प्रत्यूष आणि २०२४ सालीं अर्क हीं यंत्रें बसलीं. अर्काची शक्ति सेकंदाला सुमारें ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एकावर पंधरा शून्यें इतक्या क्रियांच्या जवळजवळ बारापट. रिचर्डसनच्या ६४,००० गणकांचें नाट्यगृह आतां एका खोलींत मावतें.

तरी जुनें दुखणें सुटलेलें नाहीं. मान्सूनच्या वाऱ्यापुढें उभा ठाकणारा सह्याद्रि हाहि नदींतल्या खांबासारखाच एक वेडावांकडा अडथळा. प्रत्यूष यंत्रावरील भारताचा अंदाज १२ किलोमीटरांच्या चौकोनांवर चाले. मे २०२५ मध्यें ह्याच संस्थेनें घडविलेली ६ किलोमीटरांची पद्धति सुरू झाली. रिचर्डसनच्या २०० किलोमीटरांच्या मानानें ही प्रगति थोडी नव्हे. परंतु खोपोली घाटाच्या पायथ्याशीं आणि खंडाळा घाटमाथ्यावर. उंचींत सुमारें पांचशें मीटरांचा फरक, आणि सरळ रेषेंत अंतर पांच किलोमीटरांच्या आंतबाहेर. जाळ्याची रेघ नेमकी मधून गेली नाहीं, तर ६ किलोमीटरांच्या हिशेबालाहि खोपोली आणि खंडाळा हें एकच गांव आहे.